चिंचोक्यांची वाटी

१

आम्रपालीला वाटलं होतं, अवघड जागा घाटात असेल. पहिल्या गियरमध्ये धापा टाकणारी गाडी, एका अंगाला दरी, बघता बघता भरून येणारं आभाळ, आणि या सगळ्यातून वाट काढत आपण शेवटच्या वस्तीवर पोचलोय, पोरं धावत येतायत. स्कॉटलंडमधल्या चार वर्षांत हे चित्र तिनं मनाशी इतक्या वेळा काढलं होतं की त्याच्या कडा झिजून गेल्या होत्या.

प्रत्यक्षात अवघड जागा निघाली हडपसरला, गाडीतळाच्या मागे भाड्याने घेतलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये. तिथे एक टेबल होतं, भिंतीवर वेल्ह्याच्या डोंगरांचा नकाशा होता आणि एक पंखा होता, जो फिरायचा पण वारा द्यायचा नाही. परत येऊन अकरा महिने झाले होते. गाडी अजून आरटीओच्या पलीकडे गेली नव्हती.

गाडी मात्र देखणी होती. जुनी मिनीबस घेऊन तिचं चालतंफिरतं घर केलेलं. पुढे दोन झोपायच्या फळ्या, छोटा ओटा, पाण्याची टाकी, आणि मागच्या अर्ध्या भागात आम्रपालीचा जीव की प्राण असलेली शांत खोली. ती कान तपासायचं शिकून आली होती आणि कान तपासायला शांतता लागते. म्हणून वीतभर जाड भिंतींची, आतून स्पंज लावलेली, वहीएवढी काच असलेली ही खोली. मूल आत बसणार, ती बाहेरून यंत्रावर बारीक बारीक सूर वाजवणार. सूर ऐकू आला की मुलानं शेजारच्या ढिगातला एक चिंचोका उचलून स्टीलच्या वाटीत टाकायचा. तिकडे त्यासाठी बटण असतं. चिंचोके ही तिची स्वतःची युक्ती, आणि तिचा तिला भारी अभिमान. गाडीच्या अंगावर तिनं ठळक अक्षरांत रंगवून घेतलं होतं : शेवटच्या वस्तीपर्यंत.

"ह्या कपाटाचं वजन सहाशे किलो हाय," बाबुराव दिवसातून एकदा तरी म्हणायचे. शांत खोलीला ते कपाटच म्हणत. हडपसर खेडं होतं तेव्हापासूनचे हडपसरकर. एकतीस वर्षं एसटी चालवून निवृत्त झालेले, त्यातली वीस मुक्कामी गाड्यांवर. "चढाला एक वेळ चालंल, ताई. उताराला गाडी बोंबलणार."

"काका, कपाट नसेल तर वर जाऊन करायचं काय? चहा प्यायचा?"

"चहा वाईट न्हाय."

बाबुरावांचे नियम दोनच होते. ज्या गियरात चढलो त्याच गियरात उतरायचं. आणि जिथं गाडी वळत नाही तिथं मुक्काम करायचा नाही. तिनं आखलेल्या मार्गावर पाच थांबे होते. चार पहिल्या नियमात बसत होते, दुसऱ्यातही. पाचवा, आडमाळ, दुसऱ्यात बसत नव्हता. डोंगराच्या सोंडेवर चौदा घरं, एक शाळा, आणि शाळेपुढे गाडी वळवायला टीचभर जागा नाही.

तरी आडमाळ यादीतून निघत नव्हतं, कारण तिथे तपासायची सात मुलं होती. त्यातही सातवी. मैना, वय वर्षं पाच. मागून थाळी वाजवली तरी वळून बघत नाही, तोंडातून शब्द नाही. पाचव्या वर्षी कानाला मदत मिळाली तर शब्द येण्याची आशा असते. पुढचा प्रत्येक महिना ती आशा कुरतडत जातो. हे आम्रपालीला पाठ होतं. सोमवारी निघायचं ठरलं होतं.

२

रोज सकाळी अकरा वाजता ती पाचही थांब्यांवर फोन करी. मोबाइलवरचा अंदाज सगळ्या तालुक्याला एकच आभाळ देतो. डोंगराच्या एका खांद्यावर ऊन आणि दुसऱ्यावर पाऊस हे त्याच्या गावी नसतं. म्हणून फोन. कुठे शाळामास्तर, कुठे दुकानदार, आणि आडमाळला आशा सेविका चंपा. तिथे रेंज फक्त शाळेमागच्या कातळावर येई. चंपा अकराला त्या कातळावर येऊन उभी राहायची.

बुधवारी चौथ्या थांब्यावरच्या, दांडवस्तीच्या रावसाहेबांनी सांगितलं, "कडक ऊन हाय, मॅडम. बायकांनी गोधड्या वाळत टाकल्यात. रस्ता सुका."

मग आडमाळ.

"धुकं हाय, ताई," चंपा म्हणाली. "लय धुकं. हात म्होरं धरला तर हात दिसंना."

दांडवस्तीपासून आडमाळ तीन किलोमीटर वर. ऑक्टोबरात असं होतं, डोंगरात तर होतंच. तिनं तक्त्यावर लिहिलं : आडमाळ, दाट धुकं. लिहून झालं, पेन खाली ठेवलं, आणि मग तिच्या लक्षात आलं की खटकलं ते धुकं नव्हे.

आवाज खटकला होता. चंपाच्या फोनमध्ये एरवी वारा असे. कोंबड्या, शाळेतले पाढे, कुणाची तरी हाक. आज मागे काहीच नव्हतं. नुसतं "काही नाही" असंही नव्हे. शब्द तोंडातून निघून तिथल्या तिथे पडत होते, कशावर आपटून परत येत नव्हते. उघड्या डोंगरावर असा आवाज होत नाही. असा आवाज तिला चांगला ओळखीचा होता. तो होण्यासाठी वीतभर जाड भिंती आणि आतून स्पंज लागतो.

धुक्यानं आवाज दबतो, ती स्वतःला म्हणाली. ते खरं नाही, हेही तिला माहीत होतं. पण दुपारी टायरवाला यायचा होता आणि तिला कंटाळा आला होता.

३

गुरुवारी दांडवस्तीला ऊनच होतं.

"धुकं तसंच," चंपा म्हणाली. आवाज तसाच, जवळचा आणि कोरडा. "पर गाडीच्या लाइटी दिसत्यात तेवढ्या."

"कुठली गाडी?"

"तुमचीच की. शाळंपाशी हुबी हाय. तोंड दरीकडं हाय बघा. वळंना म्हनून तशीच हुबी ऱ्हायली."

आम्रपालीनं मान वळवली. गाडी शेडमध्ये होती, तिच्यापासून आठ पावलांवर. गाडीखालून बाबुरावांचे पाय बाहेर आलेले होते. ते ग्रीस भरता भरता नाकातल्या नाकात काहीतरी गुणगुणत होते.

"चंपाताई, आम्ही सोमवारी येणार आहोत. आज गुरुवार. ती दुसरी कुणाची तरी गाडी असेल."

"आसंल," चंपा समजूत काढल्यासारखं म्हणाली, आणि फोन बंद झाला.

दुसऱ्या संस्थेची गाडी. रक्त तपासणारे, डोळे तपासणारे, असे पुष्कळ फिरतात. तिनं बाबुरावांना विचारलं, आडमाळला एवढी मोठी गाडी जाऊ शकेल?

बाबुराव गाडीखालून निम्मे बाहेर आले. "जाईल. जायला काय? यायचं कसं ते सांगा." त्यांनी ग्रीसचा हात फडक्याला पुसला. "का वो? कोन गेलंय?"

"कुणी नाही."

"मग चेहरा का आसा? च्या सांगू का?"

चहा आला. ती नकाशासमोर उभी राहून प्यायली. आडमाळची लाल टाचणी बाकीच्या टाचण्यांपेक्षा खोल रुतलेली वाटली. आपणच जोरात टोचली असणार. झोप कमी पडतेय, ती स्वतःला म्हणाली. हे मात्र खरं होतं. विश्रांतवाडी ते हडपसर रोज जाऊन येऊन तिचे तीन तास रस्त्यात जात.

४

शुक्रवारी फोन लावण्याआधी तिनं ठरवलं, सरळ विचारायचं. गाडीचा नंबर काय, आत कोण आहे, सगळं.

पण चंपाच आधी बोलली.

"ताई, सा पोरं झाली तपासून. सातवी आजून आत हाय."

"कोण सातवी?"

"मैना. सकाळधरनं आत हाय. तिची आई बाहिर बसलीय, तुमी म्हनला ना, थांबा म्हनून."

"मी म्हणाले?"

"तुमीच की. दार लावताना."

आम्रपालीच्या हातातलं पेन तक्त्यावर टेकलेलं होतं आणि त्याखाली शाईचा ठिपका पसरत चालला होता. आपल्याला भीती वाटायला हवी, असं तिला वाटलं. वाटत होता तो नुसता थकवा, पायांतून वर चढणारा.

"काचेतून बघा, चंपाताई," ती म्हणाली. असं का म्हणाली ते तिचं तिलाही कळलं नाही. "आत दिसतेय का ती?"

"बघितलं. आत बी धुकंच हाय."

 त्या मेलेल्या शांततेत पलीकडून एक आवाज आला. लहानसा, स्वच्छ.

टण्.

स्टीलच्या वाटीत चिंचोका पडल्याचा.

५

शनिवारी अकराला ती फोनकडे बघत बसली. फोन लावला नाही. अकरा वाजून वीस मिनिटांनी तोच वाजला. नंबर अनोळखी होता.

"ताई! ऐकू येतंय का? चंपा बोलतेय, आडमाळची!"

मागे गलका होता. कोंबड्या, कुणाची तरी भावावरून हुज्जत, "ए मावशे, सरक की जरा," मोटारसायकलचा हॉर्न. एवढा गोड गोंगाट आम्रपालीनं आयुष्यात ऐकला नव्हता.

"खाली बाजाराला आलेय. नणंदेच्या फोनवरनं लावलाय. आवं, वर टॉवरच बंद पडलाय, मंगळवारच्या रातीधरनं. माजा फोन नुसता दिवा दाखवायच्या कामाचा ऱ्हायलाय. म्हनलं, ताई फोन लावून लावून कटाळल्या आसतील."

आम्रपालीनं मोबाइल कानापासून लांब धरून झालेल्या फोनची यादी काढली. बुधवार, गुरुवार, शुक्रवार. चंपाचाच नंबर, तिन्ही दिवस अकरानंतरची वेळ, तिन्ही दिवस चार-पाच मिनिटं बोलणं. तिनं फोन पुन्हा कानाला लावला.

"वर धुकं आहे का, चंपाताई?"

"धुकं? कसलं धुकं? लख्ख ऊन हाय."

"आणि मैना?"

"हाय की. रोज माज्याकडं येती आन् आसं करती," चंपा हसली. "आता तुमाला फोनात कसं दाखवू? दोन्ही हातांनी ष्टेरिंग फिरवती. गाडी कधी येनार म्हनून इचारती. तिची आय म्हनती, ह्या पोरीला दुसरं काय सुचंना झालंय. तवा सोमवारी नक्की या, बरं का. न्हायतर मला तोंड दाखवायला जागा ऱ्हायची न्हाय."

"नक्की," आम्रपाली म्हणाली.

आणि तिला कळलं की ज्या गोष्टीसाठी ती समुद्र ओलांडून परत आली, तीच गोष्ट आता तिला नकोशी झालीय. न जावं तर मैनाचे महिने जात राहणार, एक एक करून. जावं तर मैना त्या खोलीत बसणार. दार लावणारे हात तिचेच असणार.

६

बाबुराव जेवायला घरी गेले होते. बाहेर सोलापूर रस्त्यावर दुपारची वाहतूक तुंबली होती आणि शेडच्या पत्र्यावर ऊन तडतडत होतं. आम्रपाली गाडीत चढली. शिकलेल्या माणसानं करायचं तेच ती करणार होती. यंत्र तपासायचं.

शांत खोलीत तिनं छोट्या टेबलावर वाटी ठेवली, शेजारी चिंचोक्यांचा ढीग. लहान स्टूल जागेवर होतं. भिंतींना हात लावून पाहिला, स्पंज कोरडा होता. बाहेर येऊन दार लावलं, ते नेहमीसारखं सुस्कारा टाकून बसलं. ती यंत्रापाशी बसली आणि आतला आवाज ऐकायला हेडफोन लावले.

काही नाही. तीच कोरडी शांतता.

तिनं एक सूर वाजवला, मोठा, कुणालाही ऐकू येईल असा.

टण्.

 सोलापूर रस्ता, तिनं विचार केला. ट्रक जातात, गाडी हादरते, ढिगाच्या कडेचा एखादा चिंचोका घरंगळतो. पटण्यासारखं होतं. तिनं वाट पाहिली. एक ट्रक गेला, दुसरा गेला, शेडचा पत्रा थरथरला. वाटीत काही पडलं नाही.

तिनं सूर हलका केला. टण्. आणखी हलका. टण्. मूल ताल ओळखून अंदाजानं टाकू नये म्हणून सुरांमधलं अंतर कमीजास्त ठेवायचं असतं. तिनं ते केलं, सवयीनं. चिंचोकाही तसाच पडला, सुरामागोमाग, कधी लवकर कधी उशिरा, जरा विचार करून टाकल्यासारखा. ती खाली खाली उतरत गेली. कुजबुजीच्या खाली. पानाच्या सळसळीच्या खाली. यंत्राच्या शेवटच्या आकड्यावर आली. हा सूर तिला स्वतःला कधीच ऐकू आला नव्हता, तिच्या शिक्षकांनाही नाही.

टण्.

आत कुणी असलंच तर त्याचे कान उत्तम होते. कुठल्याही माणसाच्या पोरापेक्षा उत्तम. हा विचार आला आणि तिला हसू फुटलं, आणि ते हसू तिला आवडलं नाही.

मग तिनं वर काचेकडे पाहिलं.

काचेपलीकडे स्पंजची करडी भिंत दिसायला हवी होती. तिथे पांढरं होतं. पांढरं, आणि सावकाश हलणारं, डोंगरावर हलतं तसं. काच आतून दमट झाली होती. काचेच्या अगदी खालच्या कडेला, स्टुलावर उभं राहून लहान मुलाचा हात पोचेल तिथे, त्या दमटपणात एक गोल पुसला जात होता. पुसून झालेला नव्हता. पुसला जात होता.

तिनं हेडफोन ओढून काढले आणि दार उघडलं.

खोली रिकामी, कोरडी. स्पंज, स्टूल, टेबल. काच स्वच्छ. वाटीत चिंचोके होते, किती ते तिनं पाहिलं नाही. ढीग जागेवर होता. फक्त स्टूल तिनं टेबलाकडे तोंड करून ठेवलं होतं, ते आता दाराकडे वळलेलं होतं.

७

"आज हडपसर ते विश्रांतवाडी दोन तास," रात्रीच्या जेवणाला तिचे वडील म्हणाले. बुद्धभूषण सरकारी नोकरीतून निवृत्त झाले होते, पण वेळा टिपायची सवय निवृत्त झाली नव्हती. "हिमालय लवकर ओलांडून होतो. सोमवारची तयारी झाली?"

"बाबा, तुम्ही कधी नोकरीत एखादी गोष्ट थांबवलीत? सगळ्या सह्या झाल्यावर?"

वडिलांनी घास खाली ठेवला आणि तिच्याकडे नीट पाहिलं. "एकदाच. पूल होता. कागदावर काहीच चूक नव्हती. मी जाऊन त्याच्यावर उभा राहिलो आणि मला बरं वाटलं नाही."

"मग?"

"मग काय, सगळ्यांनी वेड्यात काढलं. लोक महिनाभर पलीकडच्या उतारानं फिरून गेले. गेले मात्र, आमू. कुणी घरी बसलं नाही." ते पुन्हा जेवू लागले. "भाजी संपव."

ती लवकर झोपली. अंथरुणावर पडल्या पडल्या झोप लागली, इतकी ती दमली होती.

रविवारी सकाळी आठला ती शेडवर पोचली तेव्हा बाबुराव चाकांतली हवा पाहत होते. आम्रपाली सरळ भिंतीपाशी गेली. पाचव्या थांब्याची लाल टाचणी उपटायला नखं लावावी लागली. ती तिनं दांडवस्तीच्या टाचणीशेजारी टोचली.

"काका, गाडी दांडवस्तीलाच थांबेल. तिथे वळते. पुढचे तीन किलोमीटर मी चालत जाईन."

"आन् कपाट?"

"कपाट काढायचं."

बाबुरावांनी कान खाजवला. अकरा महिने ज्यासाठी भांडले ते असं सकाळी सकाळी फुकट पदरात पडलं की माणूस खूश होत नाही, संशय घेतो. "ताई, त्याच्यात तर तुमचा सगळा जीव..."

"घाटात गाडीला वजन झेपत नाही, तुम्हीच म्हणता ना?"

"ते म्हनतो मी. पर तपासनी?"

"शाळेत करू. पहाटे वारा पडलेला असतो तेव्हा. बारीकसारीक कळणार नाही, पण कुणाला मदत लागेल तेवढं कळेल. मैनाला तिच्या आईबरोबर खाली आणू. इथे शहरात, चार माणसांत, दार उघडं ठेवून तपासू."

बाबुरावांनी आणखी काही विचारलं नाही. एकतीस वर्षं ज्या गावांत मुक्काम केले, तिथे काय विचारायचं नाही हे त्यांना चांगलं कळत होतं. त्यांनी गॅरेजमधून चौघांना बोलावलं, कप्पी लावली, आणि दहा वाजायच्या आत खोली गाडीतून निघून शेडच्या कोपऱ्यात विटांवर बसली. वजन उतरलं तशी गाडी बोटभर वर आली. खोलीचं दार लावलेलंच होतं. चौघांतला एक जण लांबून घाम पुसत म्हणाला, "आत काय सामान ऱ्हायलंय का, काका? काढताना काहीतरी वाजलं."

"वाटी हाय आत," बाबुराव म्हणाले.

आम्रपाली पुढे झाली आणि तिनं दार उघडलं. आत पाहिलं नाही. दार पूर्ण मागे ढकलून खांबाला टेकवलं.

"सुतळी आहे?"

बाबुरावांनी सीटखालची सुती दोरी काढली. दाराचा कडी-कोयंडा आणि शेडचा खांब यांत दोन वेढे घातले आणि थांबले. "दार बंद ऱ्हावं म्हनून बांधत्यात, ताई. उघडं ऱ्हावं म्हनून बांधताना मी पयल्यांदाच बघतोय."

"बांधा, काका. घट्ट बांधा. आपण परत येईपर्यंत उघडं राहायला हवं."